पान्हासाद

"सूऽऽ बाय, सूऽऽ."

गोठ्यातल्या भोंग्यातून तेजलचा आवाज आला आणि सहाही गायींचे कान वळले. तेजल स्वतः अजून घरात चहा पीत होती. नळ्यांमधून दूध सळसळलं. सडांना यंत्राच्या वाट्या लावणाऱ्या उज्ज्वलाचा मात्र जळफळाट झाला.

गोठा दोघी जावांचा, पण डोकं तिचं, थोरलीचं. गायींच्या आधी मका पेरून मुरघास भरला तो तिनं; विकतच्या चाऱ्यावर गोठा पहिल्याच उन्हाळ्यात बसला असता. सगळ्या एकदम आटू नयेत म्हणून वेगवेगळ्या महिन्यांत व्यालेल्या गायी निवडल्या, त्याही तिनंच.

आणि पान्हासादनं निवडलं तेजलला.

पान्हा सोडवायच्या इंजेक्शनांवर कडक पहारा बसल्यापासून हे यंत्र गोठोगोठी आलं होतं. घरातल्या सगळ्यांच्या हाका ते गायींना ऐकवी. जिला दूध लवकर उतरे ती ठेवी. उज्ज्वलाची हाक त्यानं पहिल्याच दिवशी नाकारली होती.

*कारण : आवाजात ताण.*

दुसऱ्या सकाळी तिनं तेजलची हाक पुसली. स्वतःची भरली.

गायींनी पान्हा चोरला.

वाट्या कोरड्याच फुसफुसत राहिल्या. कासा तटतटलेल्या. दूध असंच साचलं तर कास सुजून दगडी होणार, आणि एवढ्याशा गोठ्याला एक गाय गमावणंही झेपणार नव्हतं. घाम पुसत ती तेजलला बोलवायला वळली, तर ती कप घेऊन दारातच उभी. नजर पान्हासादच्या पडद्यावर.

"सांगितलं असतंत तर मीच पुसली असती, ताई."

"घाल परत तुझी. गोड गळा ना तुझा."

"माझा कुठला? नवी आले तेव्हा दारातली एकुलती गायसुद्धा मला वाघ वाटायची. तुम्ही पाठीवर हात ठेवून म्हणायचात, सूऽऽ बाय. गायीला नाही, मला. त्याचीच नक्कल केली मी." तेजलनं कप कठड्यावर ठेवला. "शेवटचं कधी म्हणालात?"

उज्ज्वलाला आठवेना.

*नवी हाक द्या.*

ती पान्हासादच्या माइककडे वाकली. मग माइक सोडून तिनं तेजलकडे पाहिलं.

"सूऽऽ बाय," ती म्हणाली.

*तपासत आहे…*

तेजलची मान खाली गेली. कडेच्या गायीचा एक कान हलला.

पान्हा आधी कुणाला फुटणार होता?