खिडकीजवळची जागा

तुळशीला पाणी घालून वृंदाताई आत आल्या की त्यांचं पुढचं काम ठरलेलं असे. नवऱ्याच्या कपाळाला आठवणपट्टी बांधायची. मऊ कापडाची, दोन बोटं रुंद अशी ती पट्टी. तिच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढा दिवा. माणसाने समोरचं काही ओळखलं की मेंदूत जी हालचाल होते ती पट्टीला कळायची आणि दिवा केशरी व्हायचा. आठवण वरवरची असली तर नुसता लुकलुके, खोल असली तर स्थिर जळे. पुण्यात आता पुष्कळ घरांत अशा पट्ट्या होत्या. पूर्वी साखर तपासायची यंत्रं असत, तशाच.

पट्टी बांधून झाली की त्या चहाचा कप पुढे करत. गवती चहाचा वास आला की दिवा क्षणभर लुकलुके. मग त्या समोर बसून हळूच विचारत, "ओळखलंत का मला?"

श्रीधर नाडकर्णी हसत. मुळात गोड स्वभावाचा माणूस. "बसा ना," म्हणत, आणि शेजारची उशी सरळ करून देत. दिवा लागत नसे.

त्यांनी पहिल्यांदा असं "बसा ना" म्हटलं, त्या दिवशी वृंदाताईंनी देवापुढे हातावर पाणी सोडून संकल्प केला होता, की हे मला नावाने हाक मारीपर्यंत गोड खाणार नाही. तेव्हापासून सणाला त्या पुरण शिजवत, नैवेद्य दाखवत, सगळ्यांना वाढत आणि स्वतः आमटीभात जेवत. ईश्वरी, त्यांची लेक, एकदा म्हणालीच, "आई, तुझे नेम देवाच्याही लक्षात राहत नसतील गं. त्यालाच एखादी पट्टी बांध." वृंदाताई हसल्या होत्या. नेम मात्र मोडला नव्हता.

सकाळ बरी जाई. कठीण असे ती तिन्हीसांजेची वेळ. उन्हं कलली की श्रीधरराव पिशवीत टॉवेल भरून दाराशी उभे राहत. "घरी जायचंय," म्हणत. हेच घर आहे असं सांगितलं की घाबरत आणि घाबरले की लहान मुलासारखे थरथरत. वृंदाताई हात धरायला गेल्या तर हात काढून घेत. परकी बाई हात धरते म्हटल्यावर ते तरी काय करणार?

म्हणूनच डॉक्टर मुजावरांनी स्मृतिरोपणाचं सुचवलं. या मेंदूच्या डॉक्टरीण, बोलायला अगदी साध्या. त्या म्हणाल्या, आठवण ही डब्यात ठेवलेल्या वस्तूसारखी नसते. दर वेळी ती आठवली की मेंदू ती पुन्हा नव्याने लिहून ठेवतो. हे नवं औषध त्या लिहिण्याच्या वेळी दिलं की लिहिलेलं पक्कं होतं, पुढे पुसलं जात नाही. पण त्यासाठी आठवण सगळ्या अंगांनी जागी व्हावी लागते. नुसतं चित्र पुरत नाही. वास हवा, वारा हवा, अंगाला बसणारे हेलकावे हवेत. लांबचा रेल्वेप्रवास त्याला सगळ्यांत सोयीचा, असं दिसून आलं होतं. मात्र या वयाला औषध एकदाच देता येतं. जे रुजेल ते राहील. बाकीचं आज ना उद्या जायचंच आहे.

कुठे जायचं याचा प्रश्नच नव्हता. नाडकर्ण्यांची कुलदेवी गोव्यात. प्रश्न होता तो कुठल्या मार्गाने जायचं याचा. पुण्याहून मडगावला जायला काचेच्या छताच्या दोन गाड्या होत्या. एक पनवेलवरून कोकणातून जाई. खाड्या, पूल, बोगदे, मध्येच झाडांआडून दिसणारी कौलारू घरं. लग्नानंतर ही दोघं त्याच मार्गाने देवीच्या पाया पडायला गेली होती आणि मग दर वर्षी. ईश्वरी पहिलं पाऊल टाकायला शिकली तीही त्याच गाडीत, दोन बाकांच्या मधल्या जागेत. दुसरी गाडी मिरज, बेळगाव, लोंढा करत घाटात उतरे आणि दूधसागर धबधब्याच्या अगदी अंगावरून जाई. त्या घाटाच्या पायथ्याशी कुळे नावाचं स्टेशन आहे. श्रीधररावांचे वडील तिथे स्टेशनमास्तर होते. त्यांचं लहानपण तिथलं.

दवाखान्यात रेल्वेच्या डब्यासारखी एक खोली होती. खिडकीच्या जागी पडदा, खाली हलणारा बाक. तिथे चाचणी झाली. आधी कोकणातला मार्ग दाखवला. खाडीवरचा पूल आला तसा दिवा लुकलुकला, विझला, पुन्हा लुकलुकला. वृंदाताईंनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. मग घाट दाखवला. पहिला बोगदा संपून उजेड आला आणि दिवा लागला तो लागलाच. समईच्या वातीसारखा. श्रीधररावांचे खांदे सैल पडले. ते शेजारच्या रिकाम्या जागेकडे वळून म्हणाले, "बाय, हात आत घे. बोगदा येतोय."

बाय म्हणजे त्यांची धाकटी बहीण. मेंदूज्वराने ती लहानपणीच गेली. सासूबाईंच्या देव्हाऱ्याशेजारी तिचा एक फोटो असे, एवढंच वृंदाताईंना ठाऊक. इतक्या वर्षांच्या संसारात श्रीधररावांनी तिचा विषय कधी काढला नव्हता.

डॉक्टरांनी लपवून काही ठेवलं नाही. घाटाची आठवण नक्की रुजेल, म्हणाल्या. संध्याकाळची भीतीही बहुधा जाईल, कारण ते ज्या घरी जाऊ म्हणतात ते तिथलंच असावं. कोकणाचं सांगता येत नाही. रुजली तर तुम्ही दोघी त्यांना परत मिळाल. नाही रुजली तर काहीच उरणार नाही.

ईश्वरीने घरी येताच सांगून टाकलं, की कोकणातूनच जायचं. घाटात आपण दोघी कुठेच नाही आहोत. चाळीस वर्षं जिने त्यांचं सगळं केलं तिने, पाठ न झालेला धडा फाडावा तसं स्वतःला फाडून टाकायचं? वृंदाताईंनाही तेच हवं होतं. इतकं हवं होतं, की त्याची त्यांना लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी अंघोळ करून त्यांनी कौल लावला. गोव्याकडच्या देवळांतून ही रीत आहे. देवीच्या मूर्तीला डावी-उजवीकडे ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सासूबाई घरातल्या देवीच्या टाकालाही कौल लावत. वृंदाताईंनी अबोलीच्या पाकळ्या लावल्या, हात जोडले आणि विचारलं, "मी यांच्या आठवणीत राहीन ना?"

कुठलीच पाकळी पडली नाही. दुपार झाली, पाकळ्या वाळून तिथेच चिकटून बसल्या. ईश्वरी म्हणाली, "पाणी कमी लावलंस." तसंही असेल. पण वृंदाताईंना सासूबाईंचा आवाज आठवला. कौल आपण करणार असलेल्या कामाचा मागायचा, आपल्याला काय मिळणार याचा मागायचा नाही. तसा मागितला तर देवी गप्प राहते. एवढ्या वर्षांत त्यांच्याकडून ही चूक कधी झाली नव्हती. त्यांनी पाकळ्या हलक्या हाताने काढल्या आणि टाक पुसून जागेवर ठेवला. पुन्हा कौल लावला नाही.

संध्याकाळी श्रीधरराव पिशवी घेऊन दाराशी आले. "घरी जायचंय," म्हणाले.

"हो," वृंदाताई म्हणाल्या. "नेते मी तुम्हाला."

मग स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी ईश्वरीला घाटाची तिकिटं काढायला सांगितलं. ती म्हणाली, "आणि तुझं गोड?"

"राहू दे. तसंही साखर वाईटच," वृंदाताई म्हणाल्या, आणि भाजीला फोडणी घातली.

निघण्यापूर्वी डॉक्टरांनी एक गोष्ट दोनदा बजावली. औषध चढलं की त्यांच्याशी बोलायचं नाही. त्या वेळी मेंदूतली माती ओली असते. बाहेरून जो शब्द पडेल तोही आठवणीत रुजेल, आणि नंतर खरा कुठला, उपरा कुठला हे त्यांना सांगता यायचं नाही. वृंदाताईंना हे जड नव्हतं. श्रावणी सोमवारी त्या मौन पाळतच. त्यांनी प्रवासाचंही मौन धरलं.

लोंढा सोडल्यावर ईश्वरीने बाबांना गोळी दिली आणि ती मागच्या बाकावर जाऊन बसली. वृंदाताई समोर बसल्या. गाडीने वेग कमी केला, झाडी दाट झाली, काचेवर दहिवर धरलं. श्रीधररावांनी खिडकी थोडी उघडायला लावली. ओल्या दगडांचा वास आत आला आणि दिवा लागला.

पुढचा तासभर वृंदाताईंनी आपल्या नवऱ्याला पहिल्यांदाच पाहिलं. ते बायशी बोलत होते. कुठल्या बोगद्यात किती ओरडायचं ते तिला शिकवत होते. आईने बांधून दिलेलं खाजं शेवटच्या बोगद्यापर्यंत पुरवायचं म्हणून तिला दटावत होते. खाजं म्हणजे गोव्याच्या जत्रेतली, गुळात घोळलेली बेसनाची कांडी. ईश्वरीने त्याची पुडी मुद्दाम त्यांच्या हाताशी ठेवली होती. ते एक कांडी मोडत आणि निम्मी शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवत. चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता. आपण बरोबर केलं, असं वृंदाताईंना वाटलं. मनातल्या मनात त्यांनी निरोपही घेतला.

दूधसागर आला. पाण्याचा गडगडाट डब्यात भरला, तुषार काचेवर सांडले. श्रीधरराव आनंदाने वळले आणि त्यांची नजर वृंदाताईंवर थांबली. दिवा तसाच जळत होता.

"तू कुणाची गं?" त्यांनी विचारलं. "एकटीच बसलीस ती?"

वृंदाताईंनी मान खाली घातली.

"भिऊ नको. आमचे बाबा मास्तर आहेत. नाव काय तुझं?"

मागच्या बाकावर ईश्वरी अर्धवट उठली. गप्प राहिलं तर मौन राहील, डॉक्टरांचा शब्द राहील, आणि त्या पोराचं लहानपण जसं होतं तसं राहील. बोललं तर, जिथे आपण कधी नव्हतो तिथे आपण कायमच्या राहू. हे देणं होतं की घेणं? पण समोर एक मूल, एकट्या मुलीला आपल्यात घ्यायला थांबलं होतं.

"वृंदा," त्या म्हणाल्या. एवढंच.

"वृंदा," त्यांनी म्हणून पाहिलं. पट्टीवरचा दिवा जरा मोठा झाल्यासारखा वाटला. पाण्यावरून परतलेला उजेडही असेल. मग ते रिकाम्या जागेकडे वळले. "बाय, सरक पाहू जरा. वृंदाला खिडकीजवळ बसू दे."

वृंदाताई उठून त्यांच्या शेजारी बसल्या. श्रीधररावांनी कांडीचा मोठा तुकडा मोडला आणि वृंदाताईंच्या तळहातावर ठेवून वरून आपल्या हाताने त्यांची मूठ मिटली. "शेवटच्या बोगद्यापर्यंत पुरव," म्हणाले. या खेपेला त्यांनी हात काढून घेतला नाही.

गूळ मुठीच्या उबेने पाझरू लागला. त्यांनी नावाने हाक मारली होती, हे खरं. पण ज्याने हाक मारली तो संकल्पातला नवरा नव्हता, आणि जिला मारली ती मुलगी या घाटात कधी आलीच नव्हती. उद्या ते डॉक्टरांना सांगतील, आम्ही तिघं या खिडकीत बसायचो. आणि जन्मभर तेच खरं धरतील. पुढचा बोगदा जवळ आला तसा डब्यात अंधार शिरू लागला. मूठ ओठांपाशी नेऊन वृंदाताई थांबल्या. देवी, हा नेम फळला म्हणू, की आज नवा धरू?