खाट नंबर अकरा

"रिकामी खाट विचारताना नंबर द्यायचा नाही. का, ते विचारायचं नाही." साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात ती नवीन होती; फटकन उलट बोलते म्हणून तिला आठवड्याभरातच 'ठिणगी' हे नाव चिकटलं. तिथे डेटाबेसमध्ये 'रिकामी खाट' या नावाने साठवलेली एक जुनी क्वेरी होती, म्हणजे ठरलेला प्रश्न. रोज दुपारी तो पाठवायचा, उद्या कोणती खाट मोकळी होणार ते उत्तर यायचं, आणि एन्टर दाबून ते पक्कं करायचं. प्रश्नात नंबरासाठी जागा होती, पण ती कोरीच सोडायची. म्हाताऱ्यांची खुळं, दुसरं काय.

आज तिने चार नंबर दिला. चारचा पेशंट बरा होऊन उद्या घरी जाणार होता.

उत्तर आलं, अकरा.

अकरावर तिचा धाकटा भाऊ होता, पाय मोडून घेतलेला.

"नंबर पोचत नाहीये," ती पुटपुटली. नंबराच्या जागेचं प्रश्नातलं आणि डेटाबेसमधलं नाव ताडून पाहिलं, जुळत होतं. मग पाठवलेला आणि पोचलेला आकडा पडद्यावर उमटवून घेतला. पाठवला चार. पोचला अकरा. मध्ये आकडा बदलणारं काहीच नव्हतं.

विभागातल्या सगळ्यात जुन्या मावशी मागे येऊन उभ्या राहिल्या. "नंबर दिलास?"

"दिला. त्यात काय..."

"कोरं पाठवलं की ती 'रिकामी खाट' कुणाचंही माणूस नेते. नंबर दिला की... देणाऱ्याचं."

"नेते म्हणजे?"

तेवढ्यात फोन वाजला. भाऊ होता.

"ताई, नर्सबाई म्हणतायत ही खाट रिकामी आहे. मी इथेच बसलोय... त्या माझ्याकडे बघतच नाहीयेत."

साहेब जवळ आले. "एन्टर दाब, बाळ. पक्कं केलं की जाणाऱ्याला त्रास होत नाही. आम्ही रोज तेच करतो."

"रोज? आणि मग डबा खाऊन गुपचूप घरी जाता?"

"कुणीतरी जाणारच असतं गं," मावशी हळूच म्हणाल्या.

"नाही दाबणार. त्याच्यासाठी नाही, उद्या कुणासाठीही नाही. तुमची रीत तुमच्यापाशी ठेवा."

फोन अजून चालूच होता.

"ताई..." भाऊ कुजबुजला, "त्यांनी नवी चादर घातली. मी खाटेवरच आहे... आणि चादरीला एक सुरकुतीही नाही."