दारासमोरचं चार्जिंग

आमच्या गल्लीत गाडी ठेवायला कुणालाच अंगण नाही. म्हणून रस्त्याकडेला इलेक्ट्रिक गाड्यांसाठी चार्जिंगचा खांब आला, तोही नेमका आमच्या दारासमोर! पहिल्याच सकाळी मी रांगोळी घालत होते, तर एक पांढरी गाडी येऊन थांबली.

"पुढं घ्या की," मी म्हटलं.

"कशी घेऊ? चाक रांगोळीवर येतंय."

"मग उद्या या."

"उद्या रांगोळी नसते व्हय?"

हसला मेला. आणि हसू इतकं छान… दुसऱ्या दिवशी मी रांगोळी पायरीला चिकटून, एवढीशी काढली. अव्वानं, म्हणजे आईनं, विचारलं तर म्हटलं, रांगोळी संपली.

तो नंदीश. मागच्या गल्लीतला, चादरींचा व्यापार करणारा. गाडी लावली की आमच्या कट्ट्यावर बसायचा.

"इतका वेळ लागतो चार्जिंगला?"

"गाडीचं कवाच झालंय."

"मग?"

"मग… चहा राहिलाय की."

माझे कान गरम व्हायचे. पण चहाच्या पुढं स्वारी सरकेल तर शपथ! माणसानं इतकं सभ्य असू नये.

अशातच रविवारी मला बघायला वैरागचे पाहुणे आले. मुलगा अभिमन्यू. त्याचीही गाडी इलेक्ट्रिक, आणि बॅटरी उतरलेली. नंदीश नुकताच टेंभुर्णीहून येऊन प्लग लावत होता.

"नंदीश," माझे अप्पा दारातून म्हणाले, "सिद्धेश्वरीला बघायला पाहुणे आलेत. जरा जागा देतोस का?"

मी खिडकीत श्वास रोखून उभी. नाही म्हण… एकदा तरी! त्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि प्लग काढला.

"घ्या की. पाहुण्यांचं आधी."

रागानं माझे डोळे भरून आले. तशीच पोहे घेऊन बाहेर गेले. तेवढ्यात उघड्या दारातून दिसलं, गल्लीच्या तोंडाशी त्याची गाडी बंद पडलेली. भर उन्हात एकटाच ढकलत होता. मी बशी अभिमन्यूच्या हातात कोंबली आणि रेशमी साडीतच धावले. मागून गाडीला हात लावला.

"तुमी कशाला? पाहुणे बघतायत!"

"बघू देत. बघायलाच आलेत."

"सिद्धेश्वरी…"

"बोलू नका! आज मला कुणी पसंत केलं असतं, तरी असंच 'घ्या की' म्हणाला असता?"

तो थांबला. गाडीही थांबली.

"न्हाय. प्लग काढला तवाच कळलं, लई चुकलं. परत यायलाच गाडी वळवली होती… तर हितंच बंद पडली."

"परत कशाला?"

"अप्पांना सांगायला. मला तुमी आवडता. लग्न करायचंय तुमच्याशी."

मी पदरानं घाम पुसला. हसू काही पुसेना. "मग सांगा की! ते बघा, दारातच उभे आहेत."

आमचे आवाज चढलेले; अप्पांनी सगळं ऐकलं होतं. गल्लीनंही. अभिमन्यू बशी हातात घेऊनच बाहेर आला, त्यानं आपला प्लग काढला. "काका, आमची वाटेत कुठंतरी लावू. ह्यांची लावा."

अप्पा पायरी उतरून नंदीशपाशी आले. मग त्यांनी घसा खाकरला.

"नंदीश, उद्या घरच्यांना घेऊन ये," ते म्हणाले. "आणि हे बघ… चालत ये!"