दादांच्या फियाटची राखण

मे महिन्यातली भर दुपार. जेवणं उरकली, तासाभराची झोप झाली आणि फियाटचा रोटर खिशात घालून मी शेडकडे निघालो. जुनी गाडी अधूनमधून चालू करून ठेवावी लागते. रोटर म्हणजे इंजिनातला एवढासा तुकडा. तो काढून ठेवला की चोराच्या बापालाही गाडी चालू करता येत नाही. आमच्या बोरी गावाच्या आसपास जुन्या गाड्या उचलणारी टोळी फिरत होती, आणि ही फियाट म्हणजे आमच्या दादांचा, म्हणजे वडील विष्णुपंतांचा जीव. आम्हा भावंडांपेक्षा जास्त लाड तिचेच झाले.

दादा गेले तेव्हा दहाव्याला कावळा काही पिंडाला शिवेना. ऊन चढलं, गुरुजी वैतागले. अशा वेळी गेलेल्या माणसाला आपण वचन द्यायचं असतं. मी मात्र कंटाळून म्हणालो, "दादा, एवढा जीव अडकलाय तर गाडी तुम्हीच राखा." कावळा झपकन उतरला. सगळे हसले. मीही हसलो.

आज सकाळी शेडचं कुलूप तुटलेलं दिसलं होतं, पण गाडी जागेवर होती. रात्री कूलरच्या घरघरीत मला काहीच ऐकू आलं नव्हतं. रोटरनं गाडी वाचवली म्हणून मी खुशीत होतो.

शेडमध्ये पाऊल टाकलं. मागच्या सीटवर आई बसली होती. काचा बंद, मान कलंडलेली. वर पत्रा तापून तडतडत होता.

मी दार ओढलं. हलेना. चारही दारं आतून कुणीतरी घट्ट धरल्यासारखी. दगड उचलून काचेवर घातला, साधा ओरखडाही उठला नाही. आणि त्या बंद शेडमध्ये तपकिरीचा वास दरवळला. दादांच्या तपकिरीचा.

"दादा..." मी हात जोडले. "आई आहे ती... चोर नाही. सोडा तिला... पाया पडतो तुमच्या."

पुढची सीट कुरकुरली, जड माणूस उठावा तशी. मग दार आपसूक उघडलं.

आईला मी बाहेर ओढलं, तोंडावर पाणी मारलं. त्या भट्टीतही तिचे हात गारठलेले होते. तिनं डोळे उघडले तसा मी लहान पोरासारखा रडलो.

"कशाला बसलीस आत?"

"रात्रीपासून पहारा करायलेत रे हे," ती हळू आवाजात म्हणाली. "जेवल्यावर सोबत म्हणून येऊन बसले, तर मला बी उतरू देईनात. म्हटलं, निदान त्या माणसाला तरी सोडा..."

"कोणत्या माणसाला?"

तिनं डिकीकडे पाहिलं.

"पहाटेपर्यंत लय ठोकायलता, माझ्या खोलीत ऐकू यायलतं... आता न्हाई ठोकत."

डिकीला चावी एकच. आणि ती दहाव्याच्या दिवसापासून माझ्या जानव्याला बांधलेली आहे.