फळ्यावरचा भाव सव्वीस

चंद्राच्या दक्षिण टोकाला, ऊन कधी पोचतच नाही अशा एका खळग्याच्या काठावर हिमगाव नावाची वस्ती होती. खळग्यात बर्फाची खाण होती आणि खाणीची मालकी सगळ्या वस्तीची. जो तो आपापले शेअर (मालकीचे छोटे वाटे) बाळगून असे. त्यांचा बाजार शाळेच्या व्हरांड्यात भरायचा, कारण हवा भरलेली दुसरी ऐसपैस जागाच नव्हती.

त्या दुपारी बारा वर्षांची शाल्मली बाजाराच्या फळ्यासमोर उभी होती आणि तिचं डोकं चालेनासं झालं होतं. सकाळी शेअरचा भाव पन्नास टिकल्या होता. (टिकली हे तिथलं नाणं.) आता फळ्यावर लिहिलं होतं, आजचा भाव सव्वीस.

"एवढ्यात अर्ध्यावर? खाणीत काही झालं का?" तिने विचारलं.

"खाण जागच्या जागी आहे," नाना म्हणाले.

नाना म्हणजे शाळेचा यंत्रमानव. मुलांना अक्षरं त्यांनीच शिकवलेली. आता त्यांचे गुडघे कुरकुरायचे आणि बोलता बोलता मध्येच ते गप्प व्हायचे. संध्याकाळच्या यानाने त्यांना भंगारात पाठवायचं ठरलं होतं. कुणी पाच हजार टिकल्या भरल्या, तरच ते राहणार होते. वर्गातल्या मुलांकडे मिळून एकशेवीस शेअर होते. पन्नासच्या भावाने ते विकले असते तर काम होऊन वर उरलं असतं. सव्वीसने जेमतेम तीन हजार येत होते.

त्यात मुलांच्या शेअरसाठी खास नियम होता. ते दिवसाच्या सरासरी भावानेच विकायचे, म्हणजे कुणी लहानांना फसवू नये.

"नाना, सव्वीस आला कुठून?"

"मी सांगणार नाही," नाना म्हणाले. "मी तोंड उघडलं तर सगळे म्हणतील, म्हातारा जीव वाचवायला बोलतोय. तुझं तू बघ. आज सौदे कोणते झाले?"

शाल्मलीने वाचलं. सकाळी वस्तीतल्या लोकांनी आपापसात एक मोठा सौदा केला होता: चारशे ऐंशी शेअर, भाव पन्नास. नंतर चार छोटे सौदे, प्रत्येकी पाचच शेअर, भाव वीस. हे चारही पृथ्वीवरून आलेले व्यापारी रसाळ यांचे. विकणारे ते, घेणारा त्यांचाच भाचा; आणि मुलांचे शेअर घ्यायलाही तेच टपून बसले होते.

"पन्नास आणि चार वेळा वीस. बेरीज एकशेतीस. सौदे पाच. भागले तर सव्वीस," ती म्हणाली. "हिशोब तर बरोबर आहे."

"भागाकार बरोबर आहे," नाना म्हणाले आणि गप्प झाले. या वेळी बिघाडामुळे गप्प झाले होते की मुद्दाम, ते कळेना.

तेवढ्यात शाल्मलीचा वर्गमित्र अझीम कोकम सरबताचं पातेलं घेऊन आला. नानांना निरोप द्यायचा म्हणून केलेलं. शिवाय चार वाट्यांत बिनसाखरेचं, कारण त्याच्या आजोबांना गोड चालत नसे.

शाल्मली आधी पातेल्याकडे बघत राहिली, मग वाट्यांकडे.

"अझीम, हे सगळं एकत्र ओतलं तर सरबत कसं लागेल?"

"गोडच की. एवढ्याशा चार वाट्यांनी पातेल्याला काय होतंय? आणि आजोबांचं ओतू नकोस."

"पण भांडी मोजली तर पाचातली चार बिनसाखरेची आहेत."

"भांडी कोण पितं?" अझीम म्हणाला.

शाल्मलीने पातेलं उचललं आणि थेट सरपंच हेमांगीताई काळसेकरांच्या टेबलावर ठेवलं. अझीम वाट्या घेऊन मागे, आजोबांची क्षमा मनातल्या मनात मागत. रसाळही तिथेच बसले होते. तिने सगळं एकत्र ओतलं. चंद्रावर सरबत सावकाश पडतं, त्यामुळे सगळ्यांना वाट बघावी लागली. हेमांगीताईंनी चव घेतली.

"गोड आहे. मग?"

"फळा म्हणतो, आंबट. कारण तो भांडी मोजतो, सरबत मोजत नाही." शाल्मलीने फळ्यावरच्या सौद्यांकडे बोट दाखवलं. "प्रत्येक सौद्याचा भाव गुणिले त्यातले शेअर करायचं. चारशे ऐंशी गुणिले पन्नास, चोवीस हजार. वीस शेअर गुणिले वीस, चारशे. बेरीज चोवीस हजार चारशे. आता याला एकूण शेअरांनी, म्हणजे पाचशेने भागायचं. अठ्ठेचाळीस पूर्णांक आठ दशांश."

"याला भारित सरासरी म्हणतात," मागून नाना म्हणाले. "ज्या सौद्यात माल जास्त, त्याचं वजन जास्त. एवढं नाव सांगायला हरकत नसावी."

"मी नियमातच वागलोय," रसाळ म्हणाले.

"वागलात," हेमांगीताई म्हणाल्या. "सरासरीचा नियम केला तेव्हा एका सौद्यात एकच लादी बर्फ असायचं, सगळ्या लाद्या सारख्या. त्यामुळे भावांची बेरीज करून सौद्यांनी भागलं तरी चालून जायचं. शेअर आले, कुणी पाच विकतं, कुणी पाचशे, आणि आम्ही आपले तसेच भागत बसलो." त्या उठल्या, फळ्यावरचा सव्वीस पुसला आणि तिथे नवा आकडा लिहिला. "मुलांचे शेअर घ्यायचे असतील तर या भावाने घ्या."

रसाळांनी बराच वेळ आकडा न्याहाळला. "तरी पन्नासच्या आतच आहे," ते म्हणाले आणि त्यांनी एकशेवीसही शेअर घेतले. व्यापारी माणूस, रुसून बसणं त्यांना परवडत नव्हतं.

यान नानांशिवाय गेलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात शाल्मलीने विचारलं, "नाना, उलटं झालं असतं तर? नुसती सरासरी जास्त आणि ही भारितवाली कमी?"

"तरी मी तुला फळ्यासमोरच उभं केलं असतं."

"मग तुम्ही भंगारात गेला असता."

"गेलो असतो," नाना म्हणाले. "आणि लक्षात ठेव, हा भाव झालेल्या सौद्यांचा. उद्या काय होणार ते यातून कळत नाही."

"ते कशातून कळतं?"

"मला माहीत नाही. अजून कुणालाच नीटसं माहीत नाही." नानांनी कुरकुरत गुडघा वाकवला आणि तिच्याशेजारी बसले. "खडू घे. तुला काय वाटतं, ते आधी मांड."