दुपारी दीडची पंगत

"खोलीत माणसं किती बसतात?" एसी कंपनीच्या सिंधूनं टेप गुंडाळत विचारलं.

"एकच. मी," हापीसचा कॉम्प्युटर सांभाळणारा बसवंत म्हणाला. "लग्न न्हाई झालं अजून."

"मी सर्व्हर रूमचं विचारून राहिले!"

"मी बी तेच सांगून राहिलो…"

आता याला काय म्हणावं! ओठ दाबून सिंधूनं लिहिलं— माणूस एक, शंभर वॅट. सर्व्हर, यूपीएस, दिवे, पश्चिमेची तापणारी भिंत… सगळ्यांची उष्णता मिळवली, नि उदगीरच्या त्या धान्य व्यापाऱ्यांच्या संस्थेला एक टनाचा एसी पुरेल असं लिहून दिलं. उदगीर जिल्हा होणार, तेव्हा आपलं हापीस आधीच जिल्ह्याच्या तोलाचं पाहिजे, म्हणून चेअरमननं हौसेनं सर्व्हर घेतला होता. जिल्ह्याचा पत्ता नव्हता, सर्व्हर मात्र आला होता.

एसी बसला. आणि रोज दुपारी दीडला सर्व्हर तापून बंद पडायला लागला.

सिंधू दुसऱ्यांदा आली, तिसऱ्यांदा आली. लातूरला त्या उन्हाळ्यात पाणी रेल्वेनं येत होतं, नि ही बया लातूरहून एसटीनं थंडावा मोजायला निघायची! अकराला मोजलं की आकडे चोख; माणसं विचारली की बसवंतचं तेच, "मी एकटाच." मग एकची गाडी. बसवंत स्टँडवर सोडायला यायचा, तिला सावलीत उभं करून स्वतः उन्हात उभा राहायचा. तिला ते आवडायचं. लई आवडायचं. पण तिचे साहेब शेषेराव म्हणाले होते, "आणखी एकदा हिशेब चुकला तर साइटवर जाणं बंद. इथं बसून कोटेशन टाइप करा." दोन वर्षं भांडून तिनं साइटचं काम मिळवलं होतं.

चौथ्यांदा ती न सांगता आली. बरोबर दीडला. आत डोकावली, आणि… अगं बाई!

आत पंगत! नऊ माणसं, नऊ डबे. दार उघडं राहावं म्हणून शिपाई नरसिंगनं वीट लावलेली, उन्हाची झळ थेट आत. थोराड कारकूनबाई शांतम्मा सर्व्हरच्या कपाटाला पाठ टेकून भाकरी मोडत होत्या. नळाला पंधरा दिवसांनी पाणी. कूलरमध्ये ओतणार कुठून? म्हणून अख्खं हापीस एसीत जेवत होतं.

"या, बसा की," शांतम्मा सरकल्या. "बसवंत म्हणला, मॅडमला सांगू नका."

सिंधूनं पंगतीतल्या बसवंतला व्हरांड्यात ओढलं.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"हाव."

"मग बोलला का न्हाई?"

"हिशेब जुळला असता तर… तुम्ही परत कशाला आल्या असत्या?"

तिला हसू आलं, नि त्याच वेळी रडूही. "माझं काम हातचं चाललंय, बसवंत! पोरीला मोजता येत न्हाई म्हणून राहिलेत सगळे."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. हे त्याच्या गावीही नव्हतं. त्यानं तिचा फोन मागून घेतला, शेषेरावांना लावला.

"सायेब, मॅडमचा हिशेब पयल्या दिवसापासून बरोबर हाय. खोटं मी बोललो. चेअरमनला बी आत्ताच सांगतो."

"का बोललास खोटं?" पलीकडून शेषेराव इतक्या मोठ्यानं ओरडले, की आतले घास हातातच राहिले.

"त्या परत याव्यात म्हणून, सायेब."

आत कुणाला तरी ठसका लागला. मग फोनमधून आवाज आला, "बाईकडं फोन दे, गाढवा."

सिंधूनं ऐकून घेतलं. "जी साहेब," म्हणून फोन ठेवला. साइट तिच्याकडंच राहिली होती.

"पंगत उद्यापासून बाहेर," बसवंत खाली बघत म्हणाला. "म्हंजी… आता तुमचं काम उरलं न्हाई इथं."

"रविवारी येते."

"रविवारी हापीस बंद असतंय. मोजणार काय?"

"काही न्हाई मोजणार," सिंधू म्हणाली. "तुमच्या आईला सांगून ठेवा, जेवायला येते."