‘सोड’ कोणीच म्हणालं नाही

ही घटना शब्दशः खरी आहे. तापीमाईची शपथ.

मी तिथे नव्हतो, एवढंच. माझा जन्मही व्हायचा होता.

१९६३चा वैशाख. नंदुरबार. भरदुपार.

माझ्या भिलामामांचं लग्न ठरलं होतं आणि त्यांना खोकला लागला होता. मुलीचे वडील पितांबर पाटील स्वतः त्यांना छातीच्या एक्स-रे तपासणीसाठी डॉक्टरांकडे घेऊन आले. छातीत क्षयाचा डाग निघाला, तर सोयरीक मोडणार होती.

कंपाउंडर सुपडूने मामांना रीत समजावली.

"सदरा काढ. ताईत काढ. खोलीमा अंधार ऱ्हाई, घाबरू नको. डॉक्टर ‘दम धर’ म्हनतीन तवय धर. ‘सोड’ म्हनतीन तवय सोड."

"दुखस का?"

"नही. फक्त हालू नको."

मामा आत गेले. काळा पडदा पडला.

अंधार...

चपलांची चाहूल नाही. यंत्राची घरघर नाही.

मग छातीला गार पत्रा टेकला. उघड्या खांद्यांवर दोन हात आले...

वैशाखात इतके गार हात.

"दम धर."

मामांनी धरला.

‘सोड’ काही येईना.

समोरच्याचा श्वासही ऐकू येईना...

‘सोडू का?’ असं विचारायचं, तर श्वास सोडावा लागतो. मामा आज्ञाधारक. छाती फुटायला आली, डोळ्यांपुढे काजवे आले, तरी धरून होते.

आणि मग अगदी कानाशी...

"डाग नही शे."

मामा कोसळले.

डोळे उघडले ते ओट्यावर. सुपडू पाणी मारत होता. बाजूच्या खुर्चीत डॉक्टर लाल चष्मा लावून बसलेले. अंधारात नीट दिसावं म्हणून ते आधी असे बसत.

"मी अजून आत गेलोच नाही," डॉक्टर म्हणाले.

"मंग मन्हा खांदा कोनी धरात?"

सुपडूने खांद्यांकडे पाहिलं आणि तांब्या खाली ठेवला.

दहा बोटांचे वळ...

"पन डाग नही, अशे तो म्हनना," मामा पुटपुटले.

"भूतना काय भरोसा?" पितांबर पाटील म्हणाले. "डॉक्टर, तुम्ही देखा."

हे सांगताना मामा आजही खांदे चोळतात. मीही सोनोग्राफीला गेलो, की आधी दिवा लावायला लावतो. ‘श्वास धरा’ सांगणारी बाई समोर दिसत असली, तरी श्वास निम्माच धरतो.

डॉक्टरांनी लगेच तपासलं.

उजवीकडे डाग निघाला. सोयरीक मोडली.